मॅग्नेटवाला वेव्हमेकर काचेवरून घसरतोय आणि आवाजही करतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माझी ४ फुटी गोड्या पाण्याची माशांची टाकी आहे, काच १२ मिमीची, त्यात मॅग्नेटने (एक काचेच्या आतून, एक बाहेरून) काचेला चिकटणारा वेव्हमेकर, म्हणजे पाण्यात प्रवाह तयार करणारा छोटा पंप, लावलाय. वर्षभर मस्त चालला पण गेल्या आठवड्यापासून हळूहळू खाली सरकतो आणि सकाळी बघावं तर तोंड खाली होऊन वाळू उडवत बसलेला असतो, सगळं पाणी गढूळ, मासे बिचारे कोपऱ्यात. वरून घरघर आवाज पण यायला लागलाय.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो, प्लग काढून पंप खोलला, इम्पेलर (आतला फिरणारा पंखा) आणि शाफ्टवर (त्याची दांडी) पांढरा क्षाराचा थर होता (आमचं पाणी जड आहे), तो पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये तासभर भिजवून जुन्या टूथब्रशने घासला आणि नीट धुतला. आवाज बराच कमी झाला पण चालू करताना अजूनही थोडा खडखडतो. काचेवरचं शेवाळ दोन्ही बाजूंनी पुसलं तरी घसरणं थांबलं नाही. मॅग्नेटचे काचेला टेकणारे रबराचे पॅड हाताला कडक आणि गुळगुळीत लागतायत, मला तोच संशय जास्त आहे.

आणि खरी काळजी वेगळीच आहे, आतल्या मॅग्नेटच्या प्लास्टिकला बारीक चीर दिसतेय आणि तिथे तांबूस डाग आहे. म्हणजे आत पाणी जाऊन मॅग्नेट गंजतोय का? सध्या पंप बाहेरच काढून ठेवलाय. नुसते पॅड बदलून भागेल की मॅग्नेटच बदलावा लागेल? चीर इपॉक्सीने बुजवून कोणी वापरलंय का, माशांना काही त्रास झाला का, प्लीज सांगा.