जुन्या फ्लेक्सचे निवारे : थोडी भर

पूरग्रस्तांसाठी जुन्या फ्लेक्सचे तात्पुरते निवारे उभारावेत, अशी एक सूचना पुढे आली आहे आणि ती मला मनापासून पटते. मात्र ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या निपाणी भागात जे पाहिले, ते सांगणे आवश्यक वाटते. फ्लेक्सला भोक पाडून सुतळी ओवली की तो वाऱ्याच्या पहिल्याच झोताला तिथून टराटरा फाटतो. त्याऐवजी कोपऱ्यात लिंबाएवढा गोटा गुंडाळून त्याच्या मानेशी दोरी आवळली, तर तोच फ्लेक्स पुष्कळ दिवस तग धरतो.

छतापेक्षाही मोठा प्रश्न खालच्या ओलीचा आहे, कारण आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि लहान मुले व म्हातारी माणसे त्याच ओलीवर झोपतात. जपानी वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी १९९५ च्या कोबे भूकंपानंतर कागदी नळ्यांची घरे वाळूच्या पिशव्या भरलेल्या बिअरच्या क्रेटांवर उभारली, तर २००१ च्या भूकंपानंतर भुजमध्ये पडक्या इमारतींचा राडारोडाच पायाला वापरला. आपल्याकडेही ढासळलेल्या भिंतींच्या विटा आणि फुटकी मंगळुरी कौले फेकून न देता त्यांचे वीतभर उंच जोते करावे.

चूल मात्र निवाऱ्याबाहेरच हवी; फ्लेक्स जळताना निघणारा धूर विषारी असतो.