'फ्लेजलिंग'चा शेवट असा का सोडलाय?

वाचनवेडी: अमेरिकन लेखिका ऑक्टेविया बटलरची 'फ्लेजलिंग', माणसांचं रक्त पिणाऱ्या इना जमातीवरची कादंबरी, संपवली आणि डोक्यातून जात नाहीये. (पुढे शेवट फोडलाय, वाचायची असेल तर इथेच थांबा.) याच जमातीतली नायिका शोरी गुहेत जखमी अवस्थेत शुद्धीवर येते, मागचं काहीच आठवत नाही, आणि मला शेवटपर्यंत वाटत होतं की कधीतरी हिला आई आठवेल, बहिणी आठवतील. नाहीच आठवत! तिच्या घरच्यांना मारणाऱ्या सिल्क या इना घराण्यावरच्या खटल्याचा निकाल लागतो, ही ब्रेथवेट घराण्यातल्या इना बायकांकडे शिकायला जायचं ठरवते, आणि पुस्तक खलास. पुढचा भाग यायचा होता का?

पानगळ: पुस्तक 2005 चं, आणि बटलर फेब्रुवारी 2006 मध्ये गेली, त्यामुळे पुढचा भाग आलाच नाही. पण मला हे अर्धवट नाही वाटत. बघ ना, शोरीमध्ये काळ्या बाईचे जीन्स आहेत म्हणून ती दिवसा जागी राहू शकते, बाकीचे इना दिवसा निपचित पडतात, आणि सिल्क लोकांना नेमकं तेच खुपतं की रक्त बाटलं. त्यापायी तिचं अख्खं घर संपवलं. आठवणी परत आल्या असत्या तर वाचणाऱ्याला वाटलं असतं, चला, निदान काहीतरी हाती लागलं. बटलर ती सुटका देत नाही. खटल्यात स्वतःच्याच जमातीचे नियम हिला दुसऱ्यांकडून समजून घ्यावे लागतात, ते वाचताना मला फार त्रास झाला.

समीर_वाचतो: स्मृतीचं पटलं, पण माझ्या मते मोकळं राहतं ते शोरी ज्यांचं रक्त पिते त्या राईट आणि बाकीच्या माणसांचं. इनाच्या लाळेने माणूस असा बांधला जातो की मग सोडून जाणं जवळपास अशक्य, आणि इना मेला तर त्याची माणसंही मरू शकतात. मग राईटचं प्रेम किती त्याचं आणि किती त्या लाळेचं? शोरी चांगली आहे, जपते सगळ्यांना, मान्य, तरी दोरी तिच्याच हातात ना! आणि शोरीशी अशीच बांधलेली थिओडोरा? तिचा खून करवणाऱ्या, सिल्कांच्या बाजूच्या कॅथरीन या इना बाईला शिक्षा काय, तर पाय तोडायचे, जे इनांचे पुन्हा उगवतात. कॅथरीन ती शिक्षा नाकारून शोरीवर धावून गेली आणि त्यातच मेली, नाहीतर माणसाच्या जिवाची किंमत तेवढीच ठरली होती. खटला सिल्कांवर चालला, या व्यवस्थेवर नाही.

वाचनवेडी: हो रे, थिओडोराचं मी रागाच्या भरात वाचून पुढे गेले होते. आता वाटतंय शोरीला मुलं झाली की तीही दिवसा जागी राहतील, मग सगळ्याच घराण्यांना ती हवीशी होणार, आणि तेव्हा शोरी या लाळेच्या बंधनाचं काय करेल? खटल्याचा भाग परत काढते.