प्रतिसाद: वाचलेला वेळ जातो कुणाकडे?

लीनमुळे, म्हणजे कारखान्यात वाया जाणारा वेळ आणि श्रम छाटायच्या पद्धतीमुळे, शोधाशोध आणि वणवण थांबते, म्हणून कामगार सुखी होतो, हे मूळ लेखातलं म्हणणं मला अर्धंच पटलं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मी ज्या मशीनशॉपमध्ये होतो, तिथे गेज (मापाची साधनं), इन्सर्ट (धातू कापायची पाती), पान्यांच्या जागा फळीवर रंगवल्या, तेव्हा डोक्याचा ताप खरंच गेला. शिफ्ट बदलतानाची भांडणंही संपली. पण पाठोपाठ एका ऑपरेटरच्या गळ्यात दोन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीन, पडल्या. आधी मशीन कट घेत असताना माणूस पाठ सरळ करायचा, पाणी प्यायचा, शेजारच्याशी दोन शब्द बोलायचा. कागदावर ते ‘वेटिंग’, म्हणजे वाया गेलेला वेळ, ठरलं आणि गेलं. स्टूलसुद्धा उचललं!

लीन जिच्यातून आलं त्या टोयोटाच्या पद्धतीत माणसावरचा अतिभार काढणंही येतं, आणि दोष दिसला की लाइन थांबवायची मुभा कामगाराला असते. आमच्याकडे मशीन थांबवलं की सुपरवायझर अंगावर यायचा. कामाचा रेटा जास्त आणि हातात निर्णय कमी, तिथे ताण सर्वाधिक, हे कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच मांडलंय. कायझनच्या, म्हणजे सुधारणा सुचवायच्या, पेटीत कन्नड-मराठी दोन्हीतल्या चिठ्ठ्या पडायच्या हो, पण सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, ठरवताना मशीनवरच्या माणसाला कुणी विचारलं नाही.