गायकाच्या जागी चिंपांझी: धाडस की पळवाट?

जुनी कॅसेट: ‘बेटर मॅन’ (२०२४) काल बघितला. ब्रिटिश पॉप गायक रॉबी विल्यम्सचा चरित्रपट, आणि पडद्यावर लहानपणापासून रॉबीच्या जागी चिंपांझी! बाकी पात्रांना त्याचं काहीच वाटत नाही. मला ही सरळ पळवाट वाटली. नटाच्या चेहऱ्याची रॉबीशी तुलना व्हायला नको, म्हणून सगळं कम्प्युटरच्या माथी मारलंय.

पडद्यामागे: कम्प्युटरच्या कसं? सेटवर जोनो डेव्हिस हा नट सेन्सर लावलेला सूट घालून, तोंडासमोर छोटा कॅमेरा अडकवून काम करत होता. त्याच्या अभिनयावर वेटा एफएक्स या व्हिज्युअल इफेक्ट्सच्या कंपनीनं कातडी न् केस चढवले. डोळे मात्र रॉबीचे. रॉबी स्वतःला ‘नाचायला लावलेलं माकड’ म्हणायचा, दिग्दर्शक मायकल ग्रेसीनं तेच धरलं.



जुनी कॅसेट: म्हणजे बोलता बोलता निघालेल्या एका शब्दावर ११ कोटी डॉलर लावले! तिकीटबारीवर जगभरात मिळून सव्वादोन कोटींच्या आसपास आले. लोकांना नाही पटलं.

पडद्यामागे: गल्ल्यावरून ठरवायचं तर बोलणंच खुंटलं. ‘रॉक डीजे’ गाणं आठवा. लंडनची खरी रीजंट स्ट्रीट, ५०० नर्तक. सगळी तयारी झाली आणि ८ सप्टेंबर २०२२ ला राणी एलिझाबेथ गेल्या. दुखवट्यात कसलं शूटिंग? पुढे ढकलावं लागलं. नंतर चार रात्रींत घेतलेले तुकडे असे जोडलेत, की एका दमात घेतल्यासारखं वाटतं.

जुनी कॅसेट: गाणं झकास आहे, वादच नाही. पण त्यात चिंपांझी कशाला हवा? माणूस नाचला असता तरी गाणं तेवढंच रंगलं असतं.

पडद्यामागे: तिथे कदाचित. पण इंग्लंडमधल्या नेबवर्थच्या गाण्यांच्या कार्यक्रमात गर्दीतून रॉबीचीच जुनी रूपं त्याच्याकडे रोखून बघतात, मग हाणामारी. तिथे माणूस असता तर डबल रोल वाटला असता.

जुनी कॅसेट: हां, तिथे मीही सावरून बसले होते. पण ऑस्कर नामांकन कशाला मिळालं? व्हिज्युअल इफेक्ट्सना. नट कुठे आहे त्यात? डोळ्यांसाठी परत बघेन एकदा. ‘पळवाट’ मात्र मागे घेत नाही.