शब्दचर्चा: 'लोकेशन रेंट'ला भाडं म्हणावं की खंड?

प्रश्न

पदवीच्या भूगोल वर्गासाठी मराठीत टिपणं लिहिते आहे. शहराभोवती शेती, कारखाने, बाजार आणि वस्ती कुठे व का वसतात हे सांगणारी जुनी प्रारूपं हा विषय आहे: फॉन थ्यूनेन, आल्फ्रेड वेबर, ख्रिस्टालर, आणि शहराच्या आतल्या रचनेसाठी बर्जेस, हॉइट, हॅरिस-उलमन, अलोन्सो. मजकूर कळतो, अडचण शब्दांची आहे. 'लोकेशन रेंट'ला कुणी 'स्थानीय भाडे' म्हणतं, कुणी 'स्थान खंड'. 'लोकेशन थिअरी'ला कुठे 'स्थाननिश्चिती', कुठे 'स्थानिकीकरण'. 'कॉन्सेंट्रिक'ला 'एककेंद्री'ही दिसतं आणि 'समकेंद्री'ही. विद्यार्थी विचारतात, दोन्ही एकच ना? एकच असतील तर कोणता शब्द घ्यावा, आणि नसतील तर फरक काय?

प्रतिसाद

पहिल्या शब्दाबद्दल माझं मत ठाम आहे. थ्यूनेन शिकवताना 'खंड'च घ्या. 'भाडे' घेतलं की प्रारूपाचा कणाच मोडतो.

भाडं म्हटलं की देणारा आणि घेणारा अशी दोन माणसं लागतात. थ्यूनेनला जे मोजायचं होतं त्याला दोन माणसांची गरज नाही. जमीनमालक स्वतः कसत असला तरी ते असतंच. पिकाची बाजारात आलेली किंमत, त्यातून पिकवण्याचा खर्च वजा, माल शहरात नेण्याचा खर्च वजा. जे उरतं ते त्या जागेचं देणं. ते कुळाच्या हातून मालकाकडे जातं की मालकाच्याच खिशात राहतं, हा पुढचा प्रश्न. मराठी अर्थशास्त्रात यासाठी 'खंड' हा शब्द रुळलेला आहे. अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डोच्या सिद्धांताला आपण 'खंड सिद्धांत'च म्हणतो.

रिकार्डोचं मूळ म्हणणं आठवून पाहा: खंड द्यावा लागतो म्हणून धान्य महाग होत नाही, धान्य महाग असतं म्हणून खंड मिळतो. हेच वाक्य 'भाडे' घालून म्हणा. वर्गातलं निम्मं पोर हरकत घेईल, कारण रोजच्या व्यवहारात दुकानदार भाडं वाढलं म्हणूनच भाव वाढवल्याचं सांगतो. शब्द बदलला की कार्यकारणभाव उलटा वाटायला लागतो.

दोघांतला फरकही टिपणात हवा. रिकार्डोचा खंड (१८१७) मुख्यतः जमिनीच्या सुपीकतेतल्या फरकातून येतो. थ्यूनेनने १८२६ साली मांडलेल्या मैदानावर माती सगळीकडे सारखी आहे, मध्यभागी एकच शहर आहे, बाहेरच्या जगाशी संबंध नाही. तरीही खंड निर्माण होतो, तो केवळ अंतरामुळे. म्हणून तो 'स्थानखंड', आणि हा शब्द जोडून लिहावा असं मला वाटतं.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

'स्थानखंड' पटलं. पण अंतर वाढलं की खंड कमी होतो एवढ्यावरून वलयं कशी तयार होतात, ते मुलांना नीट पोचत नाही. 'खंड कमी होतो' म्हटल्यावर त्यांना वाटतं की शहराजवळ सगळीच पिकं घेतली जातात आणि लांब कमी घेतली जातात.

प्रतिसाद

कारण 'कमी होतो' हे क्रियापद पुरेसं नाही. 'किती वेगाने कमी होतो' हे सांगायला हवं. मराठीत त्यासाठी 'उतार' हा सरळ शब्द आहे. काल्पनिक आकडे घेऊन फळ्यावर मांडा.

भाजीपाला: शहराच्या वेशीवर एकरी खंड १००, दर किलोमीटरला १० ने घट.
धान्य: वेशीवर ६०, दर किलोमीटरला २ ने घट.
गुरांची पैदास: वेशीवर ३०, दर किलोमीटरला ०.५ ने घट.

शहराला चिकटून भाजीपाला १०० देतो, बाकीचे हरतात. ५ किलोमीटरवर भाजीपाल्याचा खंड ५० होतो आणि धान्याचाही ५०. त्यापुढे धान्य जिंकतं. २० किलोमीटरवर धान्याचे २० आणि गुरांचेही २०. तिथून पुढे गुरं, थेट ६० किलोमीटरपर्यंत, जिथे त्यांचाही खंड शून्य होतो. त्यापलीकडे पडीक रान.

आता नीट पाहा. ८ किलोमीटरवर भाजीपाला तोट्यात नाही, एकरी २० उरतातच. तरी तिथे भाजी लागत नाही, कारण त्याच जमिनीवर धान्य ४४ देतं. 'परवडत नाही' आणि 'दुसरं जास्त परवडतं' यांतला हा फरक कळला की प्रारूप कळलं.

थ्यूनेनच्या दुसऱ्या वलयाबद्दलही जरूर सांगा. पहिल्यात भाजीपाला आणि दूध, आणि त्याला लागून चक्क जंगल! आजच्या वाचकाला हे विचित्र वाटतं. पण त्या काळी जळण आणि बांधकाम दोन्ही लाकडावर चालत होतं, आणि लाकूड वजनदार, गाड्यांनी ओढून आणायचं. लांबून आणणं अशक्यच. धान्याची तीन वलयं त्याच्यामागे येतात, आतून बाहेर जाताना मशागत कमी कमी होत जाणारी, आणि सहावं वलय गुरांचं.

हा माणूस खोलीत बसून भूमिती आखत नव्हता. उत्तर जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गमधली टेलोची जहागीर त्याने १८१० मध्ये घेतली आणि वर्षानुवर्षं तिचे बारीक हिशेब ठेवले. वाहतूक खर्चात त्याने गाडी ओढणारे घोडे वाटेत खातात ते धान्यसुद्धा धरलं आहे. म्हणजे गाडीतलं धान्य जसजसं लांबून येतं तसतसं त्यातलं काही घोड्यांच्याच पोटात जातं, आणि एक अंतर असं येतं की शहरात विकायला काही उरतच नाही. 'अंतराचं घर्षण' (अंतरामुळे व्यवहाराला होणारा अडथळा) असा बोजड शब्दप्रयोग करण्यापेक्षा हा हिशेब सांगितलेला मला जास्त आवडतो.

दुसरा प्रतिसाद

थ्यूनेनपुरतं मान्य. पण अलोन्सोकडे आलात की 'खंड' अडेल. शहरातल्या दुकानाचा किंवा घराचा खंड असं मराठीत कुणी म्हणत नाही, ते भाडंच. शिवाय खंड म्हणजे आशिया-आफ्रिका, खंड म्हणजे ग्रंथाचा भाग, खंड पडणे म्हणजे मध्येच थांबणे. भूगोलाच्या पुस्तकात तर पहिला अर्थ पानोपानी येतो. बिचाऱ्या विद्यार्थ्याने कोणता घ्यायचा?

प्रतिसाद

अनेकार्थाचा मुद्दा मला फारसा अडत नाही. 'जमीन खंडाने दिली' या वाक्यात कुणाला आशिया आठवत नाही.

शहराबद्दलचा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्यातून एक चांगली गोष्ट निघते. अलोन्सोच्या १९६४ सालच्या मांडणीतला 'बिड रेंट'चा वक्र हा दिलेल्या भाड्याचा वक्र नाहीच. केंद्रापासून अमुक अंतरावरच्या जागेसाठी एखादा दुकानदार, कार्यालय किंवा कुटुंब जास्तीत जास्त किती मोजायला तयार होईल, तेही आपला नफा किंवा समाधान तेवढंच राखून, त्याचा तो वक्र आहे. म्हणजे ती लिलावातली बोली झाली. 'बोली' हा शब्द इथे अगदी चपखल बसतो, कारण बोली लावली म्हणजे जागा मिळालीच असं नसतं. ज्याची बोली सर्वांत वरची त्याला जागा मिळते, आणि मग ती बोली प्रत्यक्ष भाडं होते. दुकानांचा उतार तीव्र असतो, कारण गिऱ्हाईक केंद्रात येतं आणि थोडं बाजूला गेलं की धंदा झपाट्याने पडतो. घरांचा उतार सौम्य. म्हणून दुकानं आत आणि घरं बाहेर. भाजीपाला आणि धान्याचंच गणित, पात्रं तेवढी बदललेली.

तेव्हा माझी सूचना अशी: थ्यूनेनकडे 'स्थानखंड', अलोन्सोकडे 'बोलीभाडे', आणि प्रत्यक्ष हातात पडणाऱ्या रकमेला नुसतं 'भाडे'. तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तीन शब्द असू द्या.

तिसरा प्रतिसाद

'स्थाननिश्चिती' आणि 'स्थानिकीकरण' यांचं राहिलं. माझ्या मते 'स्थानिकीकरण' आता सोडून द्यावं. तो शब्द संगणक प्रणाली स्थानिक भाषेत आणण्यासाठी वापरला जातो. पण 'स्थाननिश्चिती' सगळ्यांना सरसकट लावणंही मला चुकीचं वाटतं, कारण या मंडळींचे प्रश्नच वेगवेगळे आहेत.

वेबरचा प्रश्न: कारखाना ठरलेला आहे, जागा कोणती? थ्यूनेन आणि अलोन्सोचा नेमका उलटा: जागा ठरलेली आहे, तिच्यावर काय येईल? ख्रिस्टालरचा तिसराच: गावं आणि शहरं एकमेकांपासून किती अंतरावर, किती संख्येने आणि कोणत्या क्रमाने असतील? पहिल्याला 'स्थाननिवड' म्हणा. दुसऱ्याला 'भूमी उपयोजन' आहेच. तिसऱ्यासाठी मी 'स्थानविन्यास' वापरतो. सगळ्यांना एकाच शब्दाखाली कोंबलं की विद्यार्थी 'वेबर आणि थ्यूनेन यांची तुलना करा' या प्रश्नाला दोघांची गृहीतकं शेजारी शेजारी लिहून मोकळा होतो. मूळ फरक राहूनच जातो.

वेबरचा 'मटेरियल इंडेक्स' मी 'कच्च्या मालाचा निर्देशांक' असा लिहितो. विशिष्ट ठिकाणीच मिळणाऱ्या कच्च्या मालाचं वजन भागिले तयार मालाचं वजन. उसापासून साखर घ्या: साधारण १० टन उसाची १ टन साखर, म्हणजे निर्देशांक १० च्या आसपास. नऊ टन चोथा आणि पाणी कोण वाहून नेणार? कारखाना उसाकडे जातो. 'वजन घटणारा माल' हा साधा शब्द 'भारक्षयी' वगैरेंपेक्षा कितीतरी बरा. उलट बाटलीबंद पेयात मुख्य घटक पाणी, जे वेबरच्या भाषेत सर्वत्र मिळणारं, म्हणून कच्च्या मालाच्या वजनात ते धरायचंच नाही. निर्देशांक एकाच्या खाली येतो आणि कारखाना बाजाराकडे सरकतो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

हे तीन प्रश्नांचं वर्गीकरण फार उपयोगी आहे, टिपणाच्या सुरुवातीलाच घालते. ख्रिस्टालरच्या 'सेंट्रल प्लेस'ला मग 'मध्यवर्ती स्थान' म्हणू की 'केंद्रीय स्थान'?

तिसरा प्रतिसाद

दोन्हीत गोची आहे. 'मध्यवर्ती' म्हटलं की नकाशाच्या मधोमध असा अर्थ डोक्यात येतो, 'केंद्रीय' म्हटलं की सरकार. ख्रिस्टालरला अभिप्रेत केंद्रत्व म्हणजे आसपासच्या वस्तीला सेवा पुरवणं. मी 'केंद्रस्थान' लिहितो.

त्याने हे केंद्रत्व मोजलं कसं, ते सांगितलं तर शब्द आपोआप उलगडतो. दक्षिण जर्मनीतल्या प्रत्येक गावातले टेलिफोन त्याने मोजले. त्या प्रदेशातल्या सरासरीनुसार, गावाच्या लोकसंख्येला किती टेलिफोन पुरले असते ते काढलं, आणि प्रत्यक्ष आकड्यातून वजा केलं. जास्तीचे टेलिफोन म्हणजे बाहेरच्यांसाठी चालणारा व्यवहार. गाव मोठं असूनही वजाबाकी शून्याच्या जवळ आली तर ते केंद्रस्थान म्हणून दुबळं. म्हणजे 'मोठं गाव' आणि 'केंद्रस्थान' हे समानार्थी नाहीत.

'रेंज'ला 'पल्ला' म्हणा, वस्तूसाठी माणूस किती लांब जाईल ते. 'थ्रेशोल्ड'साठी 'उंबरठा' चालतो, पण पहिल्यांदा येईल तिथे 'दुकान तग धरण्यापुरती मागणी' असं फोडून लिहा. सर्वांत खालच्या पायरीची केंद्रस्थानं त्याच्या रचनेत एकमेकांपासून ७ किलोमीटरवर येतात, पुढची पायरी १२, मग २१, मग ३६. दर वेळी साधारण १.७३ पट, म्हणजे तीनचं वर्गमूळ. षटकोनाची भूमिती तिथे बसलेली आहे.

प्रतिसाद

आता 'एककेंद्री' आणि 'समकेंद्री'. गणितात दोन्ही चालतात, पण नागरी भूगोलात एक ठेवून दुसरा वेगळ्या कामाला लावावा. 'समकेंद्री' आकाराबद्दल बोलतं, एकाच बिंदूभोवतीची वलयं. 'एककेंद्री' संख्येबद्दल बोलतं, शहराला एकच केंद्र आहे.

हा फरक हॉइटपाशी उपयोगी पडतो. बर्जेसचं १९२५ चं शिकागो एककेंद्री आहे आणि समकेंद्रीही: मधला व्यापारी गाभा, त्याभोवती संक्रमणाचा पट्टा, मग कामगारांची घरं, मग बऱ्या वस्त्या, शेवटी रोज ये-जा करणाऱ्यांची उपनगरं. हॉइटने १९३९ मध्ये १४२ अमेरिकन शहरांतली घरभाडी तपासली. त्याला दिसलं की श्रीमंत वस्ती एका दिशेने, प्रमुख रस्त्यांच्या कडेने, बाहेर बाहेर सरकत जाते. त्याचं शहर एककेंद्रीच आहे, पण समकेंद्री नाही. हॅरिस आणि उलमन यांचं १९४५ चं शहर दोन्ही नाही, ते बहुकेंद्री. एकच शब्द दोन्हीकडे वापरला तर हॉइटला ठेवायला जागाच उरत नाही.

हॉइटच्या प्रारूपाला 'क्षेत्र सिद्धांत' म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. क्षेत्र म्हणजे कोणताही भाग. शालेय गणितात 'सेक्टर'ला 'वर्तुळपाकळी' हा इतका नेमका शब्द आहे की तो भूगोलात का आला नाही याचं आश्चर्य वाटतं. 'पाकळी प्रारूप' म्हणा, आकृती काढायच्या आधीच मुलांना आकार दिसेल.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

'पाकळी प्रारूप' घेतलं. शेवटचं एक: थ्यूनेनसाठी 'वलय' लिहू की 'पट्टा'?

प्रतिसाद

सपाट मैदानावर एकच शहर असेपर्यंत 'वलय'. 'वर्तुळ' नको, ती रेषाही असू शकते. 'कटिबंध' हवामानासाठी राहू द्या. पण थ्यूनेनने स्वतःच पुढे मैदानातून जलवाहतुकीची नदी सोडून पाहिली आहे. नदीने माल स्वस्तात येतो, म्हणून काठालगतची लांबची जमीनही हिशेबाने शहराजवळ येते. शेतीची वलयं मग नदीच्या दोन्ही अंगांनी लांबच लांब ताणली जातात. त्या आकृतीखाली 'पट्टे' लिहा.