येसर करून ठेवा, पाकीट लागणार नाही
ताई, तुम्ही म्हणालात की घरच्या रश्श्याला हॉटेलची चव येत नाही म्हणून ग्रेव्हीची पाकिटं आणता, पण खरं सांगू का, चव मसाल्यापेक्षा भाजण्यात असते आणि आपण तिथंच घाई करतो. आमच्याकडं लातूर, बीड, धाराशिव भागात घरोघरी येसर असतं, म्हणजे आमटी-रश्श्यात घालायचं भाजक्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ वेगवेगळी खमंग भाजायची, धणे, जिरे, मिरे, लवंग, दगडफूल थोड्या तेलात परतून घ्यायचं आणि सगळं एकत्र दळून आणायचं. लग्नातली येसर आमटी ज्यांनी खाल्लीय त्यांना वेगळं सांगायला नको. ४ माणसांना २ मोठे चमचे पुरतात, पण ते आधी गार पाण्यात कालवून घ्या, उकळत्या रश्श्यात कोरडं टाकलं की गुठळ्या झाल्याच समजा.

दुसरं म्हणजे कांदा आणि खोबऱ्याची वाटी. हे दोन्ही अख्खे गॅसच्या जाळावर धरायचे, कांद्याचं वरचं साल पार काळं होऊन आतून पाणी सुटायला लागलं आणि खोबऱ्याच्या कडेला तेल चमकलं की बास. मग लसूण, कोथिंबीर घालून पाट्यावर नाहीतर मिक्सरला बारीक वाटा. ते वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, त्यातच काळं तिखट टाकायचं, आणि पाणी मात्र कडकडीत गरमच ओता, गार ओतलं की तर्री येत नाही, हे माझ्या सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं. ज्वारीची भाकरी चुरून खाऊन बघा एकदा.