बाबा सायकल चालवतात, पण चालताना सारखे थांबतात. असं का?

सातारकर:
बाबा ७१ वर्षांचे, एसटीत कंडक्टर होते. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे निघाले की थोड्याच अंतरावर दोन्ही पोटऱ्या भरून येतात, मुंग्या येतात. मग दुकानाच्या पायरीवर बसतात, की लगेच बरं. आता तर कायमच वाकून, पाय फाकवून चालतात. पण सायकलवर मंडईत खुशाल जातात! अजिंक्यताऱ्याचा चढ चढतात, उतरताना मात्र रडकुंडीला येतात. गुडघ्याच्या एक्स-रेत 'वयानुसार झीज' एवढंच. आई म्हणते, नाटकं आहेत. काठी कुठल्या हातात धरायची यावरूनही घरात वाद चालू आहे.

फिजिओताई:
काकूंना सांगा, नाटक इतकं नेमकं जमत नाही. वर्णनावरून कमरेच्या मणक्यातली नसांची वाट अरुंद झाल्यासारखी वाटते (स्टेनोसिस). ताठ झालं की ती वाट आणखी आवळते, पुढे वाकलं की मोकळी होते. चढावर माणूस आपोआप पुढे झुकतो, सायकलवरही झुकतो. उतारावर शरीर मागे रेलतं. बाबांनी न शिकवता शोधलेली चाल आहे ती.

पण पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी पोटऱ्या अशाच भरतात, म्हणून पावलावरची नाडी तपासून घ्या. त्या दुखण्यात नुसतं उभं राहिलं तरी आराम पडतो, बसावं-वाकावं लागत नाही, आणि चढ जास्त जड जातो.

काठीचं म्हणाल तर एका बाजूचा खुबा किंवा गुडघा दुखत असेल तर ती विरुद्ध हातात. सिनेमात नेमकी उलटी दाखवतात! बाबांचे दोन्ही पाय भरतात, तेव्हा हा वादच मिटला.

एक करा. ते चालताना डोळे मिटून चपलांचा आवाज ऐका. एरवी प्रत्येक पाऊल चालीच्या आवर्तनातला (एक पाय टेकल्यापासून तोच पुन्हा टेकेपर्यंतचा) साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर असतं. दुखऱ्या पायावर माणूस थांबत नाही, दुसरं पाऊल घाईनं पडतं. पेशंट बोलायच्या आधी मी हेच ऐकते.

गादीवाला:
माझं बरोबर उलटं. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली (एल ४-एल ५) गादी सरकलेली. चाललो तर बरं, बसलो की उजव्या पायात कळ. एसटीत स्वारगेटपर्यंत उभ्यानंच जायचो. शर्टाचं माप घेताना टेलर म्हणाला, "साहेब, एक खांदा खाली का?" अंग एका बाजूला कललं होतं, मला पत्ताच नाही. दुखणं कमी झाल्यावर सरळ झालो.

सातारकर:
ताई, आवाज ऐकला. घाई वगैरे नाही, पण डावं पाऊल फटकन आपटतं. विचारलं तर म्हणाले, ती चप्पल हल्ली निसटते.

फिजिओताई:
मग नुसत्या व्यायामावर थांबू नका. त्यांना टाचांवर चालायला सांगा, शेजारी उभे राहा. डावा चवडा उचलला जात नसेल तर ती नसेची कमजोरी. याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञ किंवा न्यूरोसर्जनना दाखवा, एमआरआय ते ठरवतील. लघवी अडली, नकळत झाली किंवा मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तोवर मागे पट्टा असलेले सँडल घाला, चप्पल नको.